स्वखर्चाने बांधले

रोमच्या पूर्व भागात ‘पोर्ता माज्जोरे’ नावाची एक भव्य जोडकमान उभी आहे. आज तिच्याभोवती ट्रामचे रूळ आहेत, मोटारींची वर्दळ आहे. ‘पोर्ता’ म्हणजे दरवाजा, पण मुळात तो दरवाजा नव्हता. डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी शहरात आणणारे दोन पाट इथं रस्ता ओलांडत होते आणि ते पेलण्यासाठी ही कमान बांधली होती. शहराचा तट उभा राहिला आणि तिचा दरवाजा झाला, तो पुढे तिसऱ्या शतकात. कमानीच्या माथ्यावर, रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतील असे एकाखाली एक तीन लेख कोरलेले आहेत. एकोणीसशेहून अधिक वर्षं उलटली, तरी ते वाचता येतात.

पहिला लेख सम्राट क्लॉडियसचा, इसवी सन ५२ मधला. एका पाटाचं पाणी पंचेचाळिसाव्या मैलावरून आणि दुसऱ्याचं बासष्टाव्या मैलावरून आणलं, असं सांगून तो म्हणतो, हे काम मी स्वखर्चानं केलं. त्याखाली सम्राट वेस्पासियनचा लेख, इसवी सन ७१ मधला. क्लॉडियसनं आणलेलं पाणी नऊ वर्षं बंद पडलं होतं, बांधकाम ढासळलं होतं, ते मी स्वखर्चानं पूर्ववत केलं, असं त्याचं म्हणणं. सगळ्यात खाली वेस्पासियनचा मुलगा टायटस, साल ८१. तो म्हणतो, माझ्या वडिलांनी दुरुस्त केलेलं हे काम पार उगमापासून, पायापासून जुनं होऊन ढासळलं होतं. ते मी नव्या घडणीनं, स्वखर्चानं केलं.

श्रोतेहो, वडिलांच्या दुरुस्तीला तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती! आता एक तर वडिलांची दुरुस्ती कच्ची असली पाहिजे, नाहीतर चिरंजीवांची लेखणी जोरकस असली पाहिजे. आणि क्लॉडियसच्या लेखात आणखी एक गंमत आहे. हे पाट बांधायला सुरुवात केली होती त्याच्या आधीच्या सम्राटानं, कॅलिग्युलानं, इसवी सन ३८ मध्ये. कॅलिग्युलाचा खून झाला, त्याचं नाव घेणं गैरसोयीचं झालं, आणि क्लॉडियसच्या लेखातून ते नाव गळालं.

मी कवी माणूस. वास्तुशास्त्र शिकलेला नाही. पण शब्दांवर जीव आहे, त्यामुळे इमारतीपेक्षा इमारतीवरच्या मजकुराकडे माझं लक्ष आधी जातं. या तीन लेखांत जो एक शब्द तीनदा येतो, तो मला सोडवत नाही: ‘स्वखर्चाने’. सम्राटाची तिजोरी भरत होती कशानं? युद्धातल्या लुटीनं, जप्त केलेल्या मालमत्तांनी, दूरदूरच्या प्रांतांतल्या जमिनींच्या उत्पन्नानं. दुसऱ्यांच्या घामाचा पैसा एकदा त्या तिजोरीत पडला की तो सम्राटाचा स्वतःचा झाला, आणि त्यातून बांधलेला पाट, हौद, स्नानगृह, सभागृह ही प्रजेला दिलेली देणगी झाली. देणगी घेणाऱ्यानं उपकार मानायचे असतात. म्हणून देणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरांत.

अर्थात पाणी खरं होतं, हेही विसरून चालणार नाही. रोमच्या लाखो लोकांनी ते प्यायलं, त्यात अंघोळी केल्या. प्रचार निव्वळ खोट्यावर फार काळ तगत नाही, त्याला खऱ्याचा आधार लागतो. रोमन राज्यकर्त्यांना हे पक्कं ठाऊक होतं. वर्तमानपत्रं नाहीत, छापखाना नाही, बहुसंख्य लोकांना वाचता येत नाही, अशा शहरात राज्यकर्त्याची गोष्ट घरोघर पोचवायची तर साधनं दोन: खिशातलं नाणं आणि डोळ्यासमोरची इमारत.

सम्राटांच्या आधी, रोममध्ये प्रजासत्ताक होतं तेव्हाही, विजयी सेनापती लुटीच्या पैशातून देवळं बांधत असत. पण सिनेटमधले जुने सरदार एका माणसाचं नाव फार मोठं होऊ देत नसत. नाटकासाठी दगडी प्रेक्षागृह बांधायला त्यांचा कायम विरोध होता. इसवी सनपूर्व १५४ मध्ये असं एक बांधकाम चालू असताना सिनेटनं ते पाडायला लावलं. नाटकं व्हायची, पण लाकडी मांडव घालून. खेळ संपला की मांडव मोडायचा. लोकांनी कायमचं एकत्र बसावं आणि बसल्याजागी एखाद्या सेनापतीचा जयजयकार करावा, हे त्या सरदारांना नको होतं.

हा अडसर काढला पॉम्पीनं, इसवी सनपूर्व ५५ मध्ये. त्यानं रोममधलं पहिलं कायमचं दगडी नाट्यगृह बांधलं आणि वरच्या टोकाला व्हीनस देवीचं देऊळ ठेवलं. हे नाट्यगृह नव्हेच, देवळाच्या पायऱ्या आहेत, असा त्याचा युक्तिवाद होता, अशी नोंद एका नंतरच्या लेखकानं केली आहे. देव पुढे केला की विरोधकाची जीभ अडखळते, ही युक्ती तेव्हाही जुनीच असावी.

या देवळावरच्या लेखाची एक हकिगत आहे. पॉम्पीला त्यात आपण तिसऱ्यांदा कौन्सल झालो, हे लिहायचं होतं. ‘तिसऱ्यांदा’ या अर्थी ‘तेर्तियुम’ लिहावं की ‘तेर्तियो’? विद्वानांत वाद पडला. प्रकरण सिसेरोकडे गेलं. कुणाचंच मन दुखवायला नको म्हणून त्या महापंडितानं सुचवलं, शब्द अर्धाच ठेवा, ‘तेर्त’ एवढंच कोरा! साम्राज्यं जिंकणारा माणूस एका प्रत्ययापाशी अडला. दगडावर जाणाऱ्या शब्दाची त्यांना किती काळजी होती, हे यावरून कळावं.

नंतरचा ऑगस्टस या खेळातला उस्ताद. इसवी सनपूर्व २८ या एका वर्षात आपण ब्याऐंशी देवळांचा जीर्णोद्धार केला, असं त्यानं स्वतःच्या कार्यवृत्तांतात नोंदवलं आहे. यादवी युद्धात रक्त सांडून सत्तेवर आलेल्या माणसानं दाखवायचं काय, तर मी नवं काही करत नाही, जुनं मोडलेलं जोडतो आहे. त्यानं शांतिदेवतेची संगमरवरी वेदी उभी राहिलेली पाहिली. तिच्यावर त्याचं कुटुंब, मुलंबाळं, फळाफुलांचे वेल आहेत. आणि स्वतःच्या नावाचा चौक बांधला, तोही युद्धाची लूट विकून. त्या चौकाचं एक वैशिष्ट्य लक्षात ठेवा, पुढे आपल्याला लागेल. शेजारची घरं मालकांकडून हिसकावून घेण्याचं धाडस ऑगस्टसनं केलं नाही, म्हणून चौक मनाजोगा रुंद झाला नाही, असं त्याचा चरित्रकार सुएटोनियस सांगतो. संपूर्ण जग ताब्यात असलेला माणूस शेजाऱ्याच्या भिंतीपाशी थांबला. ही गोष्ट खरी असेल आणि तीच त्याची उत्तम जाहिरातही असेल.

आता कलोसियमकडे येऊ. इसवी सन ६४ मध्ये रोमला मोठी आग लागली. जळालेल्या जागेवर नीरोनं आपला सुवर्णमहाल आणि त्यात एक कृत्रिम तलाव बांधला. दारात स्वतःचा शंभर फुटांहून उंच पुतळा. नीरो गेला, यादवी झाली आणि वेस्पासियन सत्तेवर आला. राजघराण्याशी त्याचं नातं नव्हतं. त्यानं नीरोचा तलाव आटवला आणि त्या जागी लोकांसाठी प्रचंड रंगमंडल बांधायला घेतलं. एका राजाची चैन होती, ती जागा जनतेची झाली, हा संदेश कुणालाही वाचता आला असता, अक्षरओळखही नको. इसवी सन ८० मध्ये टायटसनं त्याचं उद्घाटन केलं, शंभर दिवस खेळ चालले. मार्शल नावाच्या कवीनं त्या सोहळ्यावर कविता लिहून हाच सूर लावला. आमची जमात अशा वेळी सहसा गैरहजर नसते.

पैसा कुठून आला? कलोसियममधल्या एका दगडावर पाचव्या शतकातला एक लेख आहे. त्याच दगडावर जुनी भोकंही आहेत. ती होती त्याआधीच्या लेखाची पितळी अक्षरं बसवण्यासाठी. गेझा आल्फल्दी या अभ्यासकानं १९९५ मध्ये त्या भोकांच्या मांडणीवरून हरवलेला मजकूर जुळवून दाखवला: सम्राटानं हे नवं रंगमंडल युद्धाच्या लुटीतून बांधवलं. हे वाचन आज बहुतेक अभ्यासक मानतात. ही लूट होती यहुदींविरुद्धच्या युद्धाची. इसवी सन ७० मध्ये टायटसनं जेरुसलेम घेतलं आणि तिथलं मंदिर जळून गेलं. युद्धात सत्त्याण्णव हजार माणसं कैद झाली, असं यहुदी इतिहासकार जोसेफस लिहितो.

एवढ्यावर हे थांबलं नाही. यहुदी पुरुष आपल्या मंदिरासाठी दरवर्षी दोन द्राख्मे देत असत. मंदिर गेलं, पण वर्गणी राहिली. वेस्पासियननं ती कर म्हणून चालू ठेवली, बायका-मुलांवरही लावली आणि ती रोमच्या ज्युपिटर देवाच्या नावे जमा करायला लावली. यादवीत जळालेलं ज्युपिटरचं देऊळ तेव्हा पुन्हा बांधलं जात होतं. ज्यांचं प्रार्थनास्थळ जाळलं, त्यांनीच जाळणाऱ्याच्या देवळाला दरसाल पैसे भरायचे. हा हिशेब कुठल्याही कमानीवर कोरलेला नाही.

याच वेस्पासियनची एक दुसरी गोष्टही सांगितली जाते. कॅपिटल टेकडीवर जड खांब थोडक्या खर्चात वाहून नेण्याची युक्ती एका कारागिरानं शोधली. वेस्पासियननं त्याला बक्षीस दिलं, पण यंत्र वापरलं नाही. गोरगरिबांना पोट भरू द्या, असं त्याचं उत्तर. एकाच राज्यकर्त्याच्या इमारतीखाली एकाची भाकरी आणि दुसऱ्याचं उद्ध्वस्त घर, दोन्ही असू शकतं. इतिहास वाचताना दोन्ही डोळे उघडे ठेवावे लागतात.

टायटसच्या विजयाच्या कमानी रोममध्ये दोन होत्या. एक आजही उभी आहे. जेरुसलेमच्या मंदिरातला सात फांद्यांचा दीपवृक्ष रोमन शिपाई खांद्यावरून नेताहेत, असं शिल्प तिच्यावर आहे. दुसरी कमान मोठ्या शर्यतीच्या मैदानापाशी होती. ती मध्ययुगात मोडली, पण तिच्यावरच्या लेखाची नक्कल एका जुन्या हस्तलिखितात टिकली. त्या लेखात म्हटलं आहे की टायटसच्या आधी सगळ्या सेनापतींनी, राजांनी, राष्ट्रांनी जेरुसलेमवर एक तर व्यर्थ चाल केली किंवा प्रयत्नच केला नाही.

हे धडधडीत खोटं आहे. जेरुसलेम बाबिलोनच्या राजानं कितीतरी आधी घेतलं होतं. ते राहू द्या, इसवी सनपूर्व ६३ मध्ये ते खुद्द एका रोमन सेनापतीनं घेतलं होतं. कोण तो? नाट्यगृह बांधणारा आपला पॉम्पी! त्या कमानीखालून जाणाऱ्या सुशिक्षित रोमन माणसाला हे माहीत नसेल? नक्कीच असेल. पण खोटं सिनेटच्या आणि जनतेच्या नावानं कोरलेलं होतं. सगळ्यांच्या सहीचं खोटं खोडायला एकटा माणूस पुढे येत नाही.

दगड मात्र कधीकधी फितूर होतो. रोमच्या मुख्य चौकात सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसची कमान आहे, इसवी सन २०३ मधली. तिच्यावर सम्राटाचं आणि त्याच्या दोन मुलांचं, कॅराकॅला आणि गेटा यांचं नाव होतं. बाप गेल्यावर कॅराकॅलानं धाकट्या भावाला ठार करवलं, तेही आईच्या कुशीत. मग साम्राज्यभर गेटाचं नाव खोडण्याचा हुकूम सुटला. या कमानीवर चौथ्या ओळीतली त्याची अक्षरं उपटून काढली, दगड तासला आणि मोकळ्या जागेत नवे शब्द बसवले. कोणते? सर्वोत्तम आणि अत्यंत पराक्रमी राजे, अशा अर्थाचे. खून झालेल्या माणसाच्या नावाची जागा विशेषणांनी भरली! तेव्हापासून कुठल्याही मजकुरात विशेषणांची दाटी दिसली की मला शंका येते, इथं आधी कुणाचं नाव असेल? त्या कमानीवर तरी उत्तर मिळतं. पहिल्या अक्षरांच्या खिळ्यांची भोकं बुजवता आली नाहीत. ती जोडून अभ्यासकांनी गेटाचं नाव पुन्हा वाचलं.

उर्दू-फारसी परंपरेत राजाच्या स्तुतीच्या कवितेला कसीदा म्हणतात. कवी मंडळींत एक थट्टा चालते: कसीदा असा लिहावा की बादशहा बदलला तर फक्त नाव बदलून चालावं. रोमनांनी हे दगडात करून दाखवलं. इसवी सन ३१५ मधल्या कॉन्स्टंटाइनच्या कमानीवरची कितीतरी शिल्पं आधीच्या सम्राटांच्या, ट्रेजन, हेड्रियन, मार्कस ऑरेलियस यांच्या स्मारकांतून आणलेली आहेत. शिकारीच्या देखाव्यात अंग हेड्रियनचं, चेहरा नव्यानं घडवलेला.

आणि सगळ्यात सभ्य लेख म्हणावा तर पँथिऑनवरचा. त्रेचाळीस मीटरहून अधिक व्यासाचा त्याचा घुमट आजही, लोखंडी सळयांशिवाय उभा असलेला जगातला सगळ्यात मोठा काँक्रीटचा घुमट आहे. दर्शनी भागावर लिहिलं आहे की हे मार्कस अग्रिप्पानं बांधलं. अग्रिप्पा हा ऑगस्टसचा सहकारी. शतकानुशतकं लोकांनी त्या ओळीवर विश्वास ठेवला. १८९२ मध्ये जॉर्ज शेदान या फ्रेंच वास्तुशास्त्रज्ञानं भिंतींतल्या विटा तपासल्या. रोमन विटांवर शिक्के असतात: भट्टी कुणाची, मातीची जमीन कुणाची, कधीकधी सालही. त्या शिक्क्यांनी सांगितलं की ही इमारत अग्रिप्पानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी उभी राहिली आहे. अग्रिप्पाचं देऊळ जळालं होतं. ट्रेजनच्या अखेरच्या काळात बहुधा सुरू झालेली ही नवी इमारत हेड्रियननं पूर्ण केली आणि दर्शनी भागावर जुनंच नाव ठेवलं. याला नम्रता म्हणा, किंवा ऑगस्टसच्या काळाशी आपलं नातं जोडण्याची हुशारी म्हणा. खरी गोष्ट सांगितली ती भिंतीच्या पोटातल्या विटांनी. अशा शिक्क्यांवर जमिनीच्या मालकिणींची नावं भेटतात, भट्टी चालवणाऱ्या गुलामांची आणि मुक्त झालेल्या गुलामांची नावंही भेटतात. ती कुणी वाचावीत म्हणून लिहिलेली नव्हती, म्हणून जास्त विश्वासाची.

हे सगळं जुनं झालं, असं म्हणाल तर तसं नाही. २८ ऑक्टोबर १९३२ रोजी मुसोलिनीनं या अवशेषांमधून सरळ एक रुंद रस्ता खुला केला, आपल्या कचेरीच्या चौकापासून थेट कलोसियमपर्यंत. त्यासाठी दाट वस्ती पाडली आणि हजारो लोकांना शहराबाहेर धाडलं. ऑगस्टसचा चौकही त्यानं मोकळा केला. तोच चौक, जिथं खुद्द ऑगस्टस शेजाऱ्यांच्या भिंतीपाशी थांबला होता. रस्त्याकडेला भिंतीवर रोमन साम्राज्याच्या विस्ताराचे चार संगमरवरी नकाशे लावले, आणि १९३६ मध्ये पाचवा, स्वतःच्या साम्राज्याचा. महायुद्धानंतर पाचवा नकाशा काढला गेला. चार तिथंच आहेत.

सम्राट गेले, हुकूमशहा गेला, पण लोकांची जीभ वेगळाच न्याय करते. वेस्पासियनच्या घराण्यानं जे रंगमंडल नीरोची आठवण पुसण्यासाठी बांधलं, त्याला लोकांनी ‘कलोसियम’ म्हटलं ते शेजारच्या महाकाय पुतळ्यावरून, ‘कलोसस’वरून. तो पुतळा मुळात नीरोचा!

शेवटी पुन्हा पोर्ता माज्जोरेपाशी या. ‘स्वखर्चाने’ म्हणणाऱ्या त्या तीन लेखांच्या पायथ्याशी, अगदी जवळ, एक विचित्र आकाराची कबर आहे. क्लॉडियसच्याही आधीची. नंतरच्या तटाच्या बांधकामात ती झाकली गेली होती, १८३८ मध्ये पुन्हा उजेडात आली. कबर आहे युरीसासेस नावाच्या पाववाल्याची. बहुधा तो मुक्त झालेला गुलाम होता. सरकारी ठेक्यावर पाव पुरवायचा, त्यात पैसा मिळवला. त्यानंही आपलं नाव कोरलंच आहे. मोह कुणाला सुटला? पण नावाच्या वर त्यानं चित्रपट्टी कोरून घेतली आहे: गाढवं जातं ओढताहेत, माणसं पीठ चाळताहेत, कणीक मळताहेत, गोळे करताहेत, भट्टीत सरकवताहेत, तराजूत पाव तोलताहेत. त्याच्या बायकोच्या लेखात म्हटलं आहे की तिच्या अस्थी पावाच्या टोपलीत ठेवल्या आहेत.

श्रोतेहो, त्या चौकात डोकं वर करून पाहिलं तर सम्राट सांगतात, आम्ही दिलं. मान जरा खाली केली तर काम करणारे हात दिसतात. आपल्या वाट्याला कोनशिला आणि नामफलक रोजच येतात. ते जरूर वाचावेत, पण वाचून झाल्यावर मान खाली करून तळाशी कोण आहे, तेही पाहावं.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)